पिवळा पडलेला डबा आणि प्लॅस्टिकचे नियम

मधल्या सुट्टीत वर्गातले डबे उघडले, की एक गोष्ट सहज नजरेस पडते. प्लॅस्टिकचा पांढरा किंवा पारदर्शक डबा चार-सहा महिन्यांत आतून पिवळा पडलेला असतो. कितीही घासला तरी हळदीचा डाग जात नाही. शेजारच्या मुलाचा स्टीलचा डबा मात्र एकदा घासला की लख्ख होतो. हळदीतील कुर्क्युमिन हे रंगद्रव्य तेलात विरघळते आणि तेलासोबत प्लॅस्टिकमध्ये शिरते. डाग पृष्ठभागावर नसतो, तो आत असतो, म्हणून घासून निघत नाही.

याचा अर्थ असा, की अन्न आणि प्लॅस्टिक यांच्यामधली सीमा बंद नाही. ज्या वाटेने हळद आत जाते, त्या वाटेने आतले काही पदार्थ बाहेरही येऊ शकतात. ते किती प्रमाणात आलेले चालतील, हे ठरवण्याचे काम सरकारी नियमांचे. हे नियम शास्त्राच्या कसोटीवर कितपत उतरतात, ते येथे तपासावयाचे आहे.

प्रथम बाहेर काय येते ते पाहू. प्लॅस्टिक हे बहुवारिक आहे. हजारो लहान रेणू, म्हणजे एकवारिके, एकमेकांना जोडून त्याच्या लांब साखळ्या बनतात. या साखळ्या इतक्या मोठ्या असतात, की त्या अन्नात सहसा उतरत नाहीत. पण जोडणीत न सापडलेली थोडी एकवारिके मागे राहतात. शिवाय प्लॅस्टिक मऊ व्हावे, उन्हाने तडकू नये, त्याला रंग यावा, म्हणून निरनिराळी द्रव्ये मिसळलेली असतात. हे लहान रेणू साखळ्यांमधून वाट काढीत बाहेर येतात. शास्त्रीय परिभाषेत याला स्थलांतर म्हणतात. तापमान, संपर्काचा काळ आणि अन्नातील स्निग्धांश वाढला, की स्थलांतरही वाढते. तापमानाचा परिणाम तर सरळ प्रमाणात नसतो, तो फार झपाट्याने वाढतो.

कायद्याच्या लक्षात हे हळूहळू आले. अमेरिकेत १९५८ सालच्या कायद्यदुरुस्तीने वेष्टनातून अन्नात उतरणाऱ्या द्रव्याला अन्नात मिसळलेल्या द्रव्याप्रमाणेच तपासावे, असे ठरले. पुढे १९७४ मध्ये पीव्हीसी बनवणाऱ्या कारखान्यातील कामगारांमध्ये यकृताचा एक अत्यंत दुर्मिळ कर्करोग आढळला आणि त्याचा संबंध व्हिनाइल क्लोराइड या एकवारिकाशी असल्याचे स्पष्ट झाले. त्यानंतर युरोपात १९७८ मध्ये मर्यादा आली : प्लॅस्टिकमध्ये दर किलोला १ मिलिग्रॅम आणि अन्नात ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक व्हिनाइल क्लोराइड नको. हा इतिहास विसरू नये. धोक्याची पहिली खूण तपासणीच्या परीक्षानळीत दिसली नाही, ती कामगारांच्या शरीरात दिसली. नियम मागाहून आला.

आता आपल्या देशाकडे वळू. अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांच्या काळापासून अन्नासाठी कोणते प्लॅस्टिक चालेल, हे भारतीय मानकांच्या आधारे सांगितले जाते. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली २०१८ मध्ये वेष्टनासाठी स्वतंत्र विनियम आले आणि १ जुलै २०१९ पासून ते अमलात आहेत. त्यांत एकूण स्थलांतराची मर्यादा आहे : दर किलो अन्नामागे ६० मिलिग्रॅम, किंवा प्लॅस्टिकच्या दर चौरस डेसिमीटरमागे १० मिलिग्रॅम. बेरियम, कोबाल्ट, तांबे असे काही धातू आणि डीईएचपी हे मऊपणा आणणारे थॅलेट यांच्यासाठी वेगळ्या मर्यादा आहेत. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधण्यास मनाई आहे. ही चौकट असणे, तीही मोजता येणाऱ्या आकड्यांत असणे, ही मोठीच गोष्ट आहे, हे आधीच मान्य करतो. तरीही आमचे चार आक्षेप आहेत.

पहिला आक्षेप मोजण्याच्या रीतीवर. एकूण स्थलांतर मोजताना खरे अन्न घेत नाहीत, त्याचे प्रतिनिधी घेतात : पाणी, ३ टक्के ॲसेटिक आम्ल, अल्कोहोलचे द्रावण, स्निग्ध पदार्थासाठी हेप्टेन. त्यात प्लॅस्टिक ठराविक तापमानाला ठराविक वेळ ठेवायचे, द्रव आटवायचा आणि तळाशी उरलेला साका तोलायचा. रीत सोपी आहे, कोणत्याही बऱ्या प्रयोगशाळेत होते. पण द्रव आटवताना जे उडून जाते ते तोलले जात नाही. स्टायरिनसारखे बाष्पनशील एकवारिक या तराजूतून निसटते. शिवाय तराजू वजन सांगतो, ओळख सांगत नाही. साक्यात निरुपद्रवी मेण असले काय आणि घातक द्रव्य असले काय, त्याच्या लेखी दोन्ही सारखेच. प्लॅस्टिक किती टिकाऊ व अक्रिय आहे, एवढेच ६० मिलिग्रॅमची मर्यादा सांगते. ते निर्धोक आहे, असे ती सांगत नाही. ‘चाचणीत उतरले’ या शब्दांचा अर्थ मात्र सगळीकडे ‘निर्धोक’ असाच लावला जातो.

हे अंतर केवढे आहे, ते बिस्फेनॉल-ए या द्रव्यावरून कळेल. पॉलिकार्बोनेटच्या कडक पारदर्शक भांड्यांत आणि डबाबंद अन्नाच्या डब्यांच्या आतील लेपात ते वापरले गेले. दर किलो वजनामागे रोज ४ मायक्रोग्रॅमपर्यंत ते शरीरात गेल्यास चालेल, असे युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये म्हटले होते. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने ही मर्यादा ०.२ नॅनोग्रॅमवर आणली, म्हणजे वीस हजार पटींनी घटवली. ५० किलो वजनाच्या माणसाला आता दिवसाला १० नॅनोग्रॅम. एकूण स्थलांतराची मर्यादा नॅनोग्रॅममध्ये मांडली तर दर किलोला ६ कोटी होते. इतक्या मोठ्या मापाने इतकी लहान वस्तू मोजता येत नाही. शेतातला धान्याचा काटा घेऊन सोने तोलण्यासारखे ते आहे.

येथे सर्व शास्त्रज्ञांचे एकमत आहे, असेही नाही. जर्मनीच्या जोखीम-मूल्यमापन संस्थेने त्याच वर्षी असहमती नोंदवून याच्या हजारपट मोठा, म्हणजे २०० नॅनोग्रॅमचा आकडा सुचवला. तरीही तो जुन्या आकड्याच्या विसावा हिस्साच आहे. युरोपीय संघाने डिसेंबर २०२४ मध्ये अन्नसंपर्कातील वस्तूंमध्ये बिस्फेनॉल-ए वापरण्यावर बंदीचा निर्णय घेतला आणि जानेवारी २०२५ पासून टप्प्याटप्प्याने अंमल सुरू केला. आपल्याकडे बाळाच्या दुधाच्या बाटलीत हे द्रव्य नसावे, असे मानक २०१५ पासून सांगते. पण बाटली सोडलेले मूल पुढे पॉलिकार्बोनेटच्या जारमधले पाणी पिऊ लागते, त्याचा विचार त्या मानकात येत नाही.

दुसरा आक्षेप तपासणीच्या अटींवर. वस्तू ज्या कामासाठी विकली जाते, त्या कामाला साजेशा अटींवर ती तपासतात : दीर्घ साठवणीसाठी ४० अंशांवर दहा दिवस, गरम भरण्यासाठी ७० अंशांवर दोन तास. कागदावर हे योग्यच आहे. पण आपल्या घरात श्रीखंडाचा रिकामा डबा टाकून देत नाहीत. त्यात लोणचे भरतात, उरलेली गरम आमटी ओततात. टपरीवरचा चहा पातळ पिशवीत बांधून कचेरीत येतो. ती पिशवी उकळत्या, दुधाच्या, स्निग्ध चहासाठी कोणी कधीच तपासलेली नसते. नियमांतला ग्राहक वस्तू एकदाच वापरतो, आपण मात्र ती फुटेपर्यंत वापरतो.

तिसरा आक्षेप नियमाच्या रोखावर. अन्नाचा व्यवसाय करणाऱ्याने योग्य वेष्टन वापरावे, असे हे विनियम सांगतात. भांड्यांच्या दुकानातून रिकामा आणलेला डबा त्या चौकटीत सहज बसत नाही. ग्राहकाला मग डब्याच्या तळाशी त्रिकोणातला आकडा तेवढा दिसतो. एका शिबिरात एका शिक्षिकेने आम्हांला विचारले, “तळाशी पाच आकडा आहे, म्हणजे तो पाचच वेळा वापरायचा का?” आम्ही हसलो नाही, कारण चूक त्यांची नव्हती. १९८८ मध्ये अमेरिकेतील प्लॅस्टिक उद्योगाने हे आकडे आणले, ते भंगार वेगळे करणाऱ्यांसाठी. पाच म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, एवढेच. त्यात कोणता रंग आणि कोणती द्रव्ये मिसळली आहेत, हे तो आकडा सांगत नाही.

चौथा आक्षेप सर्वांत गंभीर वाटतो. प्लॅस्टिकसाठी आपल्याकडे दोन स्वतंत्र विचार चालतात : एक कचऱ्याचा, दुसरा अन्नाचा. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये पिशव्यांवर बंदी घातली, ती कचऱ्यासाठी. अन्नाच्या नियमांनी त्याच वर्षी वर्तमानपत्राला मनाई केली, ती शाईसाठी. दोन्ही योग्य. पण वडापाव विकणाऱ्याने वडा कशात बांधावा, हे दोघांनीही सांगितले नाही. चहासाठी कागदी पेला आला, तर त्याच्या आत प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. आयआयटी खरगपूरच्या २०२० मधील अभ्यासात अशा पेल्यात गरम पाणी १५ मिनिटे ठेवल्यावर १०० मिलिलिटरमध्ये सुमारे २५,००० सूक्ष्मकण आढळले. एकूण स्थलांतराच्या मर्यादेत कणांची संख्या कोठेच येत नाही.

पुनर्चक्रित प्लॅस्टिकचेही तसेच. २०१८ च्या विनियमांनी ते अन्नासाठी पूर्ण निषिद्ध ठरवले. उलट २०२२ च्या कचरा-नियमांनी २०२५-२६ पासून कडक वेष्टनांत ३० टक्के पुनर्चक्रित माल बंधनकारक केला. पुढे अन्न प्राधिकरणाला पुनर्चक्रित पेटसाठी अटींसह वाट करून द्यावी लागली. पण जी बाटली भंगारात आली, तिच्यात मध्यंतरी कोणी रॉकेल किंवा कीटकनाशक ठेवले असेल, तर हळदीप्रमाणे तेही आत शिरलेले असणार. त्याची खात्री करून घेणारी यंत्रणा आधी हवी, सक्ती नंतर. आपल्याकडे क्रम उलटा झाला.

म्हणून काय करावे? मर्यादा वजनाऐवजी द्रव्यागणिक ठरवाव्यात. चाचणी आपल्या स्वयंपाकघराच्या सवयींप्रमाणे व्हावी. रिकाम्या डब्यालाही नियम लागू असावेत आणि त्यावर ‘गरम पदार्थ चालेल’ किंवा ‘चालणार नाही’ असे मराठीत छापलेले असावे. कचरा आणि अन्न पाहणाऱ्या दोन्ही खात्यांनी एकत्र बसून नियम करावेत.

तोवर वर्गात एक प्रयोग जरूर करावा. जुन्या पांढऱ्या डब्याच्या दोन सारख्या पट्ट्या कापा. दोन वाट्यांत तेलात हळद कालवा आणि एकेक पट्टी बुडवा. एक वाटी तशीच ठेवा, दुसरी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा. तिसऱ्या वाटीत काचेची पट्टी घ्या. तासाभराने तिन्ही पट्ट्या साबणाने धुऊन शेजारी शेजारी ठेवा आणि मुलांनाच विचारा, की रंग कोठे गेला. कोणता डबा गरम भाजीसाठी वापरू नये, याचे उत्तर मुले मग आपणच देतील. नियम बदलण्यास काही वर्षे लागतील. उद्याच्या डब्यात गरम भाजी कशात भरायची, हे मात्र आज रात्रीच ठरवता येईल.