मळा कोणाचा, वाइन कोणाची?

दिवाळीच्या फराळाशेजारी वाइनची गोष्ट काढल्याबद्दल वाचक रागावणार नाहीत, अशी आशा आहे. गोष्ट पेल्याची नाही, मळ्याची आहे.

इटलीच्या पीडमाँट प्रांतात लांगे नावाच्या टेकड्या आहेत. तेथे प्रत्येक उताराचे द्राक्ष वेगळे. नेब्बिओलोपासून भारदस्त ‘बारोलो’ होते. बार्बेरा आणि डोलचेत्तो हे रोजच्या जेवणातले सोबती. बेल्बो नदीच्या खोऱ्यात मोस्कातो हे सुगंधी पांढरे द्राक्ष पिकते आणि त्याची गोड, फेसाळ वाइन कानेल्ली गावातून जगभर जाते. या मळ्यांच्या मुलखाला २०१४ साली युनेस्कोने जागतिक वारसा ठरविले.

याच खोऱ्यात, सान्तो स्तेफानो बेल्बो गावी, १९०८ साली चेझारे पावेझे जन्मला. ‘चंद्र आणि होळ्या’ ही त्याची कादंबरी १९५० सालची. मी ती इंग्रजी भाषांतरातून वाचली. टाकून दिलेले एक मूल. दरमहा मिळणाऱ्या पैशांसाठी एका गरीब घराने त्याला वाढविले. पुढे अमेरिकेत पैसा मिळवून तो परत येतो. वेलींच्या रांगा पाहून त्याचे मन भरून येते. ते आपल्यालाही गोड वाटते आणि तेथेच पावेझे आपल्याला सावध करतो.

कारण त्याच्या बालपणीच्या घरात आता वालीनो राहतो. हा अर्ध्या वाट्याने जमीन कसतो. टेकडीचे सौंदर्य पाहायला त्याला उसंत नाही. मालकीण वाटणीला येते, पीक कमी म्हणून बोल लावते आणि वर्षानुवर्षे कोंडलेला संताप फुटतो. तो घरच्या बायकांचा जीव घेतो, घर पेटवितो आणि स्वतः गळफास घेतो. वाचतो तो लंगडा मुलगा चिंतो. आम्हां मास्तरांना असा मुलगा शेवटच्या बाकावर पुष्कळदा भेटलेला असतो. म्हणून तो वाचल्यावर मी पुस्तक मिटून थोडा वेळ स्वस्थ बसलो.

दोष नाहीत असे नाही. अमेरिकेची प्रकरणे उपरी वाटतात. वालीनोच्या घरातल्या बायका मार खातात, मरतात. पण त्यांच्या मनात काय होते, हे लेखक विचारीत नाही. अनाथाची वेदना ज्याला इतकी नेमकी कळली, त्याला हे जमले नसते काय?

तरीही नुतो या सुताराचे पात्र हे सारे तोलून धरते. हा गरिबांच्या हक्काविषयी बोलतो आणि कलम चंद्र पाहूनच करावे, असेही मानतो. शेताच्या कडेला होळी पेटविली की जमीन जागी होते, ही त्या गावाची श्रद्धा. पण शेवटी नुतो एका वेगळ्याच होळीची हकिगत सांगतो. युद्धाच्या दिवसांत सान्ता ही सुंदर मुलगी दोन्ही पक्षांत वावरत होती. बंडखोरांनी तिला गोळी घातली आणि मळ्यातल्या वेलींच्या काड्या तोडून तिचे प्रेत जाळले.

जी काडी द्राक्ष देते, तीच सरण होते. लेखक यावर एकही भाष्य करीत नाही. वाइनच्या बाटलीवर गावाचे नाव असते, द्राक्षाचे असते, कसणाऱ्याचे क्वचितच. ते पुसलेले नाव ही कादंबरी वाचून दाखविते, आणि मला तिचा मोठेपणा त्यातच वाटतो.