सोसण्याचं सर्टिफिकेट

वॉल्टर टल या काळ्या फुटबॉलपटूवर इंग्लंडात बरंच लिहिलं गेलंय. फिल वासिली या इतिहासकारानं जुने कागद उकरून त्याला उजेडात आणलं. ते काम मोठंच. पण त्यानंतर जी स्तुती सुरू झाली, ती आपण तपासून घेतली पाहिजे. असली स्तुती आपल्या ओळखीची आहे.

टलचा जन्म १८८८ चा, फोकस्टनचा. बाप बार्बाडोसहून आलेला सुतार, आजोबा गुलाम. आई इंग्लिश, गोरी. १८९५ ला आई गेली, १८९७ ला बाप. वॉल्टर आणि भाऊ एडवर्ड लंडनच्या बेथनल ग्रीनमधल्या अनाथाश्रमात पडले. एडवर्डला ग्लासगोच्या एका कुटुंबानं दत्तक घेतलं, तो पुढे दातांचा डॉक्टर झाला. वॉल्टर छपाईकाम शिकला. फुटबॉलनं त्याला तिथून बाहेर काढलं. १९०९ ला टॉटनहॅम हॉटस्परनं त्याला घेतलं. पगार आठवड्याला फार तर चार पौंड, त्यावर कुणालाच नाही, असा नियम. क्लबनं सोडल्याशिवाय दुसरीकडे खेळता येत नव्हतं. खेळाडू म्हणजे कामगारच.

ऑक्टोबर १९०९. ब्रिस्टल सिटीच्या मैदानावर प्रेक्षकांतल्या एका टोळीनं त्याच्या रंगावरून गलिच्छ शिव्या दिल्या. 'फुटबॉल स्टार'च्या बातमीदारानं त्या टोळीची लाज काढली. मैदानावरचा सगळ्यात चांगला फॉरवर्ड टलच होता, असंही लिहिलं. आणि पुढे लिहिलं की हा माणूस मनानं आणि खेळानं इतका स्वच्छ आहे की गोऱ्या खेळाडूंनी त्याचा कित्ता गिरवावा.

दोस्तहो, इथं थांबा. तोंडं घाण कुणाची, आणि स्वच्छतेचं सर्टिफिकेट कुणाला? गोऱ्या खेळाडूला असलं सर्टिफिकेट लागत नव्हतं. आपल्यालाही हे कौतुक मिळतं. "तू त्यांच्यातला वाटतच नाहीस हं!" बातमीदार भला माणूस होता, शंका नाही. म्हणूनच त्याचं वाक्य तपासायचं. टलनं काय केलं यापेक्षा त्यानं काय गिळलं, याचं ते कौतुक आहे.

पुढे काय झालं? थोड्याच दिवसांत टल राखीव संघात गेला. टॉटनहॅमसाठी लीगचे सामने सगळे मिळून १०. शिव्या देणाऱ्यांची जागा शाबूत राहिली, शिव्या खाणाऱ्याची गेली. १९११ ला त्याला नॉर्थम्प्टन टाऊनला विकलं. तिथं, सुरुवातीला हर्बर्ट चॅपमनच्या हाताखाली, तो खऱ्या अर्थानं खेळला, सगळे मिळून १०० च्या वर सामने. चरित्र सांगताना इथं रेंगाळायला हवं. पण सगळ्यांना घाई असते ती युद्धात पोचायची.

डिसेंबर १९१४ ला तो फुटबॉलपटूंच्या पलटणीत भरती झाला. सार्जंट झाला, १९१६ ला सोमच्या लढाईत होता. मे १९१७ ला सेकंड लेफ्टनंट. त्याला 'पहिला काळा अधिकारी' म्हणतात, ते खरं नाही. जमैकात जन्मलेला जॉर्ज बेमंड १९१५ लाच अधिकारी झाला होता. फॉर्मवर प्रश्न होता, तू शुद्ध युरोपीय वंशाचा आहेस काय? बेमंडनं 'होय' लिहिलं. खोली भाड्यानं घेताना आडनाव बदलून सांगणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. तेव्हा पहिला कोण, यापेक्षा हा प्रश्न फॉर्मवर कुणी छापला, ते आधी विचारा.

याच साम्राज्यानं, याच युद्धात, आपल्याशीही हाच व्यवहार केला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी महारांची भरती बंद केली. म्हणे लढाऊ जात नाही. १९१७ ला माणसं कमी पडायला लागली तशी १११ महार पलटण उभी केली. १९२१ ला मोडून टाकली. गरज होती तोवर लढाऊ.

जानेवारी १९१८ ला इटलीत टलनं रात्री पिआवे नदीपलीकडे तुकडी नेली आणि सगळ्यांना जिवंत परत आणलं. वरच्या अधिकाऱ्यानं त्याचं धैर्य आणि थंड डोकं यांची लेखी नोंद केली. ही स्तुती मला मान्य आहे. कारण ती त्याच्या कामाची आहे, सोसण्याची नाही. २५ मार्च १९१८ ला फ्रान्समध्ये फाव्र्यूईजवळ तो मारला गेला. प्रेत मिळालं नाही. अरासच्या स्मारकावर नाव आहे. मिलिटरी क्रॉससाठी शिफारस झाली होती, असं त्याच्या सहकाऱ्यानं एडवर्डला कळवलं. क्रॉस मिळाला नाही. तो मिळावा म्हणून पुढे मोहीम झाली. ती मागणी रास्तच. पण पदकानं ब्रिस्टलचा हिशेब चुकता होत नाही.

आपणही आता आपल्या बाप-आज्यांची चरित्रं लिहायला घेतलीत. लिहा. पण 'सहनशील', 'शांत', 'स्वच्छ' हे शब्द आले की पेन थांबवा. सोसायला कुणी लावलं आणि जागा कुणाची गेली, हे आधी लिहा. मग त्यानं काय काय केलं ते लिहा, सविस्तर.