यंत्राचा भावाविष्कार आणि मराठीतील संबोधन

यंत्राला भावना असू शकतात काय, हा प्रश्न तत्त्वज्ञांचा होय. यंत्र भावना व्यक्त कशी करते, आणि ऐकणाऱ्याला ती पटते केव्हा, हा मात्र भाषाभ्यासकाच्याही अधिकारातील प्रश्न आहे. या विषयावरील लेखनात बहुधा आवाजाची चढउतार, डोळ्यांची उघडझाप, चेहऱ्याच्या स्नायूंचे अनुकरण यांचाच विचार आढळतो. अनुकरण जितके हुबेहूब तितका भाव पोचतो, असे त्यामागील गृहीत दिसते. जपानी संशोधक मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्येच या गृहीताला धक्का दिला होता. मनुष्याशी यंत्राचे साम्य फार वाढले की एका टप्प्यावर आपुलकीऐवजी शिसारीच वाटू लागते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

रसचर्चेच्या अभ्यासकाला यात नवल वाटू नये. शंकुकाने नटाच्या ठायी होणाऱ्या भावप्रतीतीचे स्पष्टीकरण चित्रतुरगन्यायाने केले. चित्रातील घोड्याला पाहून ‘हा घोडा’ असे जे ज्ञान होते, ते सत्य नव्हे, मिथ्या नव्हे, संशयरूप नव्हे आणि सादृश्यज्ञानही नव्हे. पुढे अभिनवगुप्ताने हे मत खोडून काढले हे खरे. परंतु मनुष्य नटापेक्षा निर्जीव वस्तूच्या बाबतीत ते अधिक चपखल बसते. प्रेक्षक फसत नाही आणि तरीही भाव ग्रहण करतो. मग ग्रहण करण्यास त्याला आधार कशाचा मिळतो?

याचे उत्तर महाराष्ट्राच्या परिचयाच्या एका बाहुल्यात सापडते. यशवंत पाध्ये यांनी १९१६ मध्ये घडविलेला आणि १९६७ पासून रामदास पाध्ये यांनी रंगमंचावर बोलता ठेवलेला ‘अर्धवटराव’ यंत्र म्हणून अगदीच साधा आहे. मान, डोळे, ओठ एवढीच काय ती त्याची सामग्री! आजच्या कोणत्याही यंत्रमानवापुढे ती दरिद्रीच ठरेल. तरीही त्याचा रुसवा, त्याचा खवचटपणा आणि आवडाबाईसमोरची त्याची तारांबळ प्रेक्षकाला क्षणात कळते. याचे श्रेय केवळ शब्दभ्रमाच्या कौशल्याला देणे अपुरे होय. अर्धवटराव कोणाचा तरी कोणीतरी आहे. त्याला बायको आहे, वय आहे, त्याच्याशी हुज्जत घालणारा एक मनुष्य शेजारी बसलेला आहे. भाव उमटतो तो या नात्यांच्या जाळ्यात. ओठांची हालचाल ही केवळ खूण.

परदेशातील यशस्वी प्रयोगही हीच साक्ष देतात. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत सिंथिया ब्रिझील यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस तयार केलेले ‘किस्मत’ हे यंत्रमुख अर्थपूर्ण शब्द बोलतच नसे. तान्ह्या मुलासारखे अस्फुट ध्वनी काढी आणि कान, भुवया, ओठ हलवी. जपानमधील ताकानोरी शिबाता यांचा ‘पारो’ तर सीलच्या पिल्लाच्या रूपातील आहे. एक तान्हे, दुसरे पिल्लू. समोरच्या माणसाने कोणती भूमिका घ्यावयाची हे पहिल्या क्षणीच ठरून जाते.

मराठी बोलणाऱ्या यंत्राची अडचण नेमकी येथे आहे. गूगलचा ध्वनिसाहाय्यक २०१८ मध्ये मराठी बोलू लागला. तेव्हापासून अशा आवाजांची संख्या वाढली आणि उच्चारही पुष्कळ सुधारले. पण मराठीत केवळ सुरावर भाव वाहून नेता येत नाही. ‘ये’, ‘ये ना’, ‘ये बरं’, ‘येतेस की’, ‘या हो’ यांतील फरक सुराइतकाच निपातांचा व संबोधनाचा आहे. रे, गं, हो यांपैकी एक निवडल्याखेरीज जिव्हाळा किंवा राग उच्चारताच येत नाही, आणि निवड करण्यासाठी समोरच्याचे वय, लिंग, नाते ठाऊक असावे लागते. यंत्र यातून सुटका करून घेण्यासाठी ‘आपण’चा आश्रय घेते, परिणामी आवाज गोड आणि वाक्य कचेरीतले, असा विजोड प्रकार घडतो.

दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे. ‘मी सांगते’ म्हणताना यंत्राला लिंग पत्करावे लागते. इंग्रजीत ते टळते. आणि ‘मला आनंद झाला’, ‘मला वाईट वाटले’ या रचनांत मराठी बोलणारा भावनेचा कर्ता नसतो, ती त्याच्याकडे येते. चतुर्थीतील हा ‘मला’ अनुभव घेणाऱ्याची जागा दाखवितो. यंत्र तो उच्चारते तेव्हा रिकाम्या जागेवर पाटी लावल्यासारखे होते. या दृष्टीने दुकानांतून पैसे जमा झाल्याची वार्ता देणारा साउंडबॉक्स अधिक प्रामाणिक म्हणावा लागेल. ‘प्राप्त झाले’ एवढेच तो सांगतो; हायसे वाटते ते दुकानदाराला.

बागलाणातील मोसम नदीकाठच्या नामपूरसारख्या बाजारपेठेच्या गावी हा प्रश्न केवळ शैलीचा राहत नाही. या परिसराची घरची बोली अहिराणी. २०११ च्या जनगणनेत खानदेशी या गटात १८ लाखांहून अधिक भाषकांची नोंद आहे. तथापि प्रचलित ध्वनिसाहाय्यकांच्या भाषासूचीत अहिराणीला स्थान नाही. ‘कांदाना काय भाव शे?’ असे विचारणाऱ्याला यंत्राकडून ‘माफ करा, मला समजले नाही’ अशा धाटणीचे उत्तर मिळण्याचाच संभव अधिक. व्याकरणदृष्ट्या यात खेद यंत्राने व्यक्त केला आहे. लोकव्यवहारात मात्र खेद व्यक्त करणारा पुढे स्वतः बदलतो, निदान पुन्हा विचारून समजून घेतो. येथे बदलतो तो विचारणारा. तो घसा खाकरून प्रमाण मराठीत पुन्हा प्रश्न विचारतो, आणि यंत्राचा सौम्य स्वर त्याच्या बोलीविषयीचा अभिप्राय ठरतो. रागावलेल्या कारकुनाशी निदान भांडता तरी येते. नम्र आवाजाशी भांडावयाचे कोणी आणि कसे? अहिराणीचे ध्वनिमुद्रण यंत्रासाठी पुढेमागे होईलच. त्या वेळी शब्दसंग्रहाबरोबर ‘भो’, ‘माय’ ही संबोधने कोण, कोणाला आणि कोणत्या प्रसंगी वापरतो, याचीही नोंद झाली पाहिजे. ते काम संगणकशास्त्र विभागाचे नव्हे.