‘राइझ’ आणि ‘ड्रॉप’ : सॉफ्टबॉलमधील फेकींच्या संज्ञांची चिकित्सा

एखाद्या कौशल्याची परिभाषा ते कौशल्य करणाऱ्याच्या बाजूने घडली आहे की त्याला सामोरे जाणाऱ्याच्या बाजूने, हा प्रश्न परिभाषेच्या अभ्यासात क्वचितच विचारला जातो. अमेरिकेत रूढ झालेली वेगवान सॉफ्टबॉलमधील फेकींची नावे या दृष्टीने तपासून पाहण्याजोगी आहेत. विषय मैदानावरचा असला तरी त्यातील गोंधळ भाषेचा आहे, आणि त्याचा भुर्दंड शिकाऊ पिचरला पडतो.

या नावांत वर्गीकरणाचे एकच तत्त्व नाही, हे प्रथमदर्शनीच ध्यानात येते. ‘राइझ’, ‘ड्रॉप’, ‘कर्व्ह’ ही नावे चेंडूच्या मार्गावरून पडली. ‘ड्रॉप’चे ‘पील’ आणि ‘रोलओव्हर’ हे पोटभेद मात्र हाताच्या क्रियेवरून झाले. पहिल्यात चेंडू बोटांच्या टोकांवरून साल निघावी तसा सुटतो, दुसऱ्यात सुटतेवेळी हात त्याच्यावरून पालथा होतो. ‘नकल’ हे नाव पकडीचे. आणि ‘चेंज-अप’ तर केवळ सापेक्ष, आधीच्या वेगवान फेकीवाचून त्याला अर्थच नाही. अशी सरमिसळ व्यवहारभाषेत सर्वत्र आढळते. तिच्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. खरी अडचण ‘राइझ’ या एका शब्दापाशी उभी राहते.

महिलांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत पिचर आणि होमप्लेट यांतील अंतर ४३ फूट असते. ताशी ६५ मैलांच्या आसपासचा चेंडू हे अंतर सुमारे ०.४ सेकंदात तोडतो. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण त्याला त्याच्या मूळ दिशेच्या रेषेपासून अडीच फुटांच्या आसपास खाली आणते. उलट दिशेने फिरणाऱ्या चेंडूवर हवेचे बल वरच्या बाजूस कार्य करते. माग्नुसने १८५२ साली वर्णिलेला परिणाम तो हाच. परंतु हे बल चेंडूच्या वजनाहून कमीच पडते. म्हणजे फेक कमरेखालून, वरच्या रोखाने सुटल्यामुळे चेंडू चढतो हे खरे. तथापि वाटेत तो अधिक वर वळतो हे खरे नव्हे. तो केवळ अपेक्षेहून कमी पडतो. ‘ड्रॉप’मध्ये फिरकी पुढच्या दिशेची असते, त्यामुळे हवा आणि गुरुत्वाकर्षण एकाच बाजूने ओढतात.

मग ‘राइझ’ ही संज्ञा खोटी म्हणावी काय? आमच्या मते नाही. बॅटरने मनाशी चेंडूचा जो मार्ग धरलेला असतो, त्याच्या वरून तो जातो. बॅट त्याच्याखालून फिरते. बॅटरच्या अनुभवाचे हे अचूक नाव आहे. ‘अपेक्षेहून कमी पडणारा’ असे म्हणणारी भाषा मैदानावर कोण बोलेल?

पण हाच शब्द पिचरच्या हाती सूचना म्हणून दिला की तो घातक होतो. खालून फेकताना बोटे स्वभावतःच चेंडूच्या मागून वर सरकतात आणि त्याला पुढची फिरकी मिळते. ड्रॉपला अनुकूल अशी. राइझसाठी याच्या नेमके उलट करावे लागते : तर्जनी आणि मधले बोट शिवणीवर रोवून, अनेकदा तर्जनी दुमडून, सुटण्याच्या क्षणी बोटांनी चेंडूच्या तळाशी पुढे काप द्यावा लागतो. ‘वर, वर’ असे ऐकणारी मुलगी मागे रेलते, हात उचलते, आणि ड्रॉपचीच फिरकी देऊन चेंडू उंचावर सोडते.

याहून फसवा आहे तो प्रशिक्षकांचा आवडता दृष्टान्त : दाराची गोल मूठ फिरवावी तसे मनगट फिरवा. मूठ ज्या अक्षाभोवती फिरते तो फिरवणाऱ्याच्या समोर रोखलेला असतो. चेंडू तसाच फिरला तर त्याचा अक्ष प्रवासाच्या दिशेत येतो आणि त्याची फिरकी बंदुकीच्या गोळीसारखी होते. अशा फिरकीला हवेकडून वरचा आधार जवळजवळ मिळत नाही. मंदगती चित्रणात ‘राइझ’ म्हणून गणल्या गेलेल्या कित्येक फेकी प्रत्यक्षात याच प्रकारच्या दिसतात. दृष्टान्त हुबेहूब पाळला गेला, म्हणूनच चेंडू फसला, असे हे उदाहरण आहे. अलंकाराला निरुपद्रवी समजणाऱ्यांनी ते अवश्य विचारात घ्यावे.

मराठीत ही परिभाषा आणताना आणखी एक धोका संभवतो. आपली फिरकीची कल्पना क्रिकेटवर पोसलेली आहे, आणि तेथे फिरकीचे मुख्य काम टप्प्यानंतर दिसते. सॉफ्टबॉलच्या फेकीला टप्पाच नाही. जे घडावयाचे ते हवेतच. तेव्हा ‘राइझ’ला ‘उसळता चेंडू’ म्हणणे मूळ शब्दाहूनही वाईट ठरेल, कारण उसळी म्हटली की जमीन आलीच. ‘राइझ’ आणि ‘ड्रॉप’ हे शब्द खेळाडूंच्या तोंडी आहेत तसेच राहू द्यावेत. शिकवताना मात्र त्यांच्या जोडीला ‘उलटफिरकी’ आणि ‘पुढफिरकी’ असे अक्षावर बेतलेले शब्द वापरावेत, आणि चेंडूवर एक रंगीत पट्टी ओढून ती कशी फिरते हे मुलींना स्वतः पाहू द्यावे.