मदतीचं पान नेमकं कोणत्या सॉफ्टवेअरबद्दल बोलतं?

संशोधनासाठी विषय शोधत असाल, तर 'सॉफ्टवेअरची मदत-पानं' हा विषय तुम्हाला किरकोळ वाटेल. त्यात काय, हे बटण दाबा नि पुढे जा! पण ज्या सॉफ्टवेअरमधल्या सुविधा चालू-बंद करता येतात, त्याची मदत लिहायला बसा, मग कळेल. दहा सुविधा स्वतंत्रपणे चालू-बंद होत असतील, तर त्याची 1,024 रूपं होतात. 33 असतील तर 850 कोटींच्या वर, म्हणजे जगाच्या लोकसंख्येपेक्षा जास्त. मदतीचं पान मात्र बहुतेक वेळा एकच.

यावरचं प्रचलित उत्तर म्हणजे सशर्त मजकूर. आयबीएममध्ये जन्मलेली आणि 2005 मध्ये ओएसिस या संस्थेने मानक म्हणून मान्य केलेली 'डिटा' पद्धत घ्या. मजकूर एकदाच लिहायचा, तुकड्यांवर 'हे कोणासाठी, कोणत्या उत्पादनासाठी' अशा खुणा करायच्या आणि प्रकाशित करताना नको ते गाळायचं. लिहिणाऱ्याचे कष्ट यात खरोखर वाचतात.

माझा पहिला आक्षेप गाळण्याच्या वेळेवर आहे. मजकूर प्रकाशनाच्या दिवशी गाळला जातो; सुविधा त्यानंतर बदलतात, आणि बदलणारा माणूस अनेकदा वाचक नसतोच.

ई-पीक पाहणी ॲप बघा. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर शेतकरी स्वतःच्या सातबारावर पिकाची नोंद मोबाईलवरून करू लागले. आता मोहाडी तालुक्यातल्या करडीचा एखादा धान उत्पादक डोळ्यांसमोर आणा. हंगामाची मुदत कधी सुरू होणार, कधी वाढणार हे त्याच्या हातात नाही. समजा त्याने ॲप उघडलं आणि नोंदणी बंद आहे. 'पीक निवडा, फोटो काढा' ही अचूक कृतीसुद्धा त्या क्षणी निरुपयोगी. आणि नोंद हुकली तर आधारभूत किमतीने धान विकताना अडचण त्यालाच येणार.

मग बंद सुविधेचं पान लपवावं का? अनेकांना हेच शहाणपणाचं वाटतं. इथे माझा दुसरा आक्षेप. ज्याला बटण दिसत नाही, त्यालाच मदतीची सर्वात जास्त गरज असते. पान लपवलं की त्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. त्याला तीन वाक्यं हवीत: ही सुविधा आहे, सध्या बंद आहे, अमुक कारणाने, ती अमुक कार्यालय उघडतं. 'प्रशासकाशी संपर्क साधा' एवढ्यावर भागत नाही, कारण प्रशासक कोण हेच त्याला माहीत नसतं.

जॉन कॅरोल यांनी 1990 च्या 'द न्यूर्नबर्ग फनेल' या पुस्तकात मांडलेला मिनिमलिझमही इथे उपयोगी आहे. त्यात थोडक्यात लिहिण्याइतकंच महत्त्व वाचकाला चूक ओळखून सावरायला मदत करण्याला आहे. पण 'बंद असणं' ही चूक नव्हे, ती स्थिती आहे. संशोधनाला जागा आहे ती इथे.

तेव्हा प्रस्ताव लिहिताना 'मदत कशी सुधारावी?' असा सैल प्रश्न घेऊ नका. असा घ्या: बंद सुविधेचं पान लपवणं आणि कारणासह दाखवणं, यांपैकी कशाने वाचक योग्य दारापर्यंत लवकर पोचतो? आणि मोजताना पान किती जणांनी उघडलं ते मोजू नका. काम किती जणांचं झालं, ते मोजा.