कात्रीने कापलेला मँटल

1961 ते 1963 ही तीन वर्षं अमेरिकेत पोस्ट कंपनीच्या सीरियलबरोबर बेसबॉल खेळाडूंची कार्डं मिळायची. सीरियल म्हणजे आपल्या कॉर्नफ्लेक्सचं कुटुंब. कार्डं खोक्याच्या आत नसायची. ती खोक्याच्या पुठ्ठ्यावरच छापलेली असायची. मुलाने कात्री घ्यायची, छापलेल्या रेघेवरून कापायचं, की झालं कार्ड तयार. दर वर्षी 200 खेळाडूंचा संच. म्हणजे कारखान्यातून बाहेर पडताना ही वस्तू अर्धवट असे, ती पूर्ण व्हायची कुणाच्या तरी स्वयंपाकघरात.

आज या कार्डांचं मोल ठरवताना नेमका हाच भाग दोष समजला जातो, आणि मला तो समज पटत नाही.

आधी कार्ड नीट पाहू. त्या काळात बाजारावर राज्य होतं टॉप्स या बबलगम कंपनीचं. टॉप्सच्या कार्डाला दोन बाजू: पुढे फोटो, मागे आकडे. पोस्टला ही चैन नव्हती, कारण तिच्या कार्डाची मागची बाजू म्हणजे खोक्याची आतली बाजू, कोरा पुठ्ठा. त्यामुळे सगळं पुढेच कोंबलेलं. आडवं कार्ड, एका बाजूला रंगीत फोटो, दुसऱ्या बाजूला खेळाडूची थोडक्यात ओळख, खाली आकड्यांची पट्टी. फोटो सामान्यच आहेत, बरेचसे कॉलेजच्या ओळखपत्रासारखे. पण चेहरा, गोष्ट आणि हिशोब एका नजरेत दिसतात. मोबाइलच्या स्क्रीनवर खेळाडूचं प्रोफाइल उघडल्यावर आज साधारण हेच दिसतं, तेही कार्ड न उलटता.

आता दुर्मीळपणाचं गणित. न्यूयॉर्क यांकीजचा मिकी मँटल हा त्या काळातला देवच, त्यामुळे त्याचं कार्ड महाग असणार हे उघड आहे. पण 1963 च्या संचात संग्राहकांना दमवतो तो बॉब अॅस्प्रोमॉन्टे, ह्यूस्टनच्या संघातला एक बरा खेळाडू. प्रत्येक खेळाडू प्रत्येक खोक्यावर नसायचा. काहींच्या वाट्याला कमी खपणाऱ्या सीरियलची किंवा ठरावीक आकाराचीच खोकी यायची. त्यामुळे अशा कार्डाची दुर्मीळता म्हणजे एका परीने मुलांच्या नावडीची नोंद. जे कुणी खाल्लं नाही, त्याच्या पाठीवरचा माणूस साठ वर्षांनी मौल्यवान झाला. मैदानावरच्या कर्तृत्वाशी याचा संबंध शून्य.

यापुढे येतं ग्रेडिंग. पीएसएसारख्या कंपन्या कार्ड तपासतात, 1 ते 10 मध्ये गुण देतात आणि प्लॅस्टिकच्या डबीत कायमचं बंद करतात. कारखान्यात कापलेल्या कार्डासाठी ही पद्धत समजण्यासारखी आहे. हाताने कापलेल्या कार्डाला मात्र तिचा निकष असा, की रेघ चारही बाजूंनी शाबूत हवी. कात्री आत घसरली तर बहुतेकदा आकडा मिळतच नाही, नुसता ‘अस्सल’ असा शेरा मिळतो. हातच न लागलेलं अख्खं खोकं मिळालं तर भाव आणखी चढतो. म्हणजे आठ वर्षांच्या मुलाच्या हस्तकलेची परीक्षा साठ वर्षांनंतर घ्यायची, आणि पहिला नंबर द्यायचा परीक्षेलाच न बसलेल्याला!

बाजाराला बाजाराचे नियम असणारच, त्याबद्दल तक्रार नाही. पण संग्राहकही हळूहळू बाजाराच्याच डोळ्यांनी पाहू लागतात, ते खटकतं. 1961 मध्ये पोस्टने टपालाने मागवायची सोय ठेवली होती: एका संघाच्या दहा कार्डांचा छिद्रांच्या रेघांचा पातळ कागद, हाताने सुटा करायचा. ती कार्डं नीटनेटकी आहेत, शेजारी ठेवली तर सगळी सारखी. खोक्यावरून कापलेली दोन कार्डं मात्र कधीच सारखी नसतात. एखाद्याचा कोपरा गोल झालेला, एखाद्यावर शेजारच्या खेळाडूची बारीक पट्टी राहिलेली. कापणाऱ्याला कोण हवा होता आणि कोण नको होता, हेही कधी कधी त्या पट्टीवरून कळतं.

1970 पासून केलॉग्जने उलटा मार्ग धरला. कार्ड खोक्याच्या आत आलं, कात्री गेली, आणि जादू आली: बारीक रेघांच्या प्लॅस्टिकखाली खेळाडू उठून दिसतो, मागे धूसर स्टेडियम. चिप्सच्या पाकिटातल्या टॅझोंवर वाढलेल्यांना ही गंमत वेगळी सांगायला नको. दिसायला ही कार्डं पोस्टपेक्षा कितीतरी सुंदर. मुलाला करण्यासारखं मात्र त्यात काही उरलं नाही, फक्त जपायचं. आणि जपणंही सोपं नाही. प्लॅस्टिक आणि कागद यांची चाल वेगळी, त्यामुळे कार्ड वाकतं आणि मग प्लॅस्टिकला तडा जातो. 1971 चा संच तर टपालाने एकगठ्ठा मिळतच नव्हता, एकेक खोकं फोडूनच जमवावा लागे, म्हणून तो आज जास्त अवघड.

दोन्हींतून निवडायचं तर मी वाकडा कापलेला मँटल घेईन. तो स्वस्तही पडतो. फक्त विकणाऱ्याकडून मागच्या बाजूचा फोटो जरूर मागवा. तिथे छपाई नाही, पण कुणीतरी पेन्सिलीने नाव लिहिलेलं असू शकतं, आणि यादीत त्याचा उल्लेख ‘मागे खूण, किंमत कमी’ असा असतो.