‘डोंबिवली फास्ट’ आणि हरवलेला शेजारी

मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या माणसाच्या गैरसोयींना शोकांतिकेचा मान कोणी देत नाही. नळाला पाणी पहाटे येते आणि पिंप भरण्यापूर्वी जाते. पदपथावर दुकाने मांडलेली असतात म्हणून माणसे रस्त्यावरून चालतात. अंधेरीला गाडीत चढता येत नाही आणि चढल्यावर बोरिवलीपर्यंत हलता येत नाही. ह्यांतली प्रत्येक गोष्ट एकेकटी घेतली तर क्षुल्लकच. परंतु क्षुल्लक गोष्टी रोज सोसाव्या लागल्या की माणसाचा स्वभावच पालटतो. हे सत्य मराठी पडद्यावर निर्भीडपणे मांडण्याचे श्रेय निशिकांत कामत ह्यांच्या ‘डोंबिवली फास्ट’ (२००५) ह्या चित्रपटाला द्यावेच लागेल. दिग्दर्शक म्हणून कामतांचा हा पहिलाच चित्रपट. त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २००७ मध्ये त्याची तमिळ आवृत्तीही निघाली. इतक्या वर्षांनी त्याच्याकडे पुन्हा वळावेसे वाटते, कारण त्याने विचारलेला प्रश्न अजून सुटलेला नाही आणि त्यात सुचविलेले उत्तर आम्हांला पटत नाही.

डोंबिवली ठाणे जिल्ह्यातली खरी. पण माधव आपट्याची गाडी मुलुंड-घाटकोपरवरूनच मुंबईला जाते आणि त्याचे दुखणे सगळ्या उपनगरांच्या परिचयाचे आहे. बँकेत नोकरी करणारा, कायदा पाळणारा हा संसारी माणूस. त्याच्या दिवसाचा तोच तो क्रम दिग्दर्शकाने असा पुनःपुन्हा दाखविला आहे की, पाहणाऱ्यालाही घुसमट जाणवावी. एके दिवशी दुकानदार छापील किमतीहून अधिक पैसे मागतो, आणि एवढ्याशा कारणावरून आपट्याचा बांध फुटतो. क्रिकेटची बॅट हाती घेऊन तो शहरभर न्याय करीत हिंडू लागतो. संदीप कुलकर्णी ह्यांनी ही भूमिका आरडाओरडा न करता केली आहे. आपट्याच्या चेहऱ्यावर क्रोधापेक्षा थकवाच अधिक दिसतो, आणि म्हणून त्याच्याविषयी आपल्याला माया वाटते. त्याचा पाठलाग करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यालाही त्याचे म्हणणे आतून पटत असते. १९९३ च्या ‘फॉलिंग डाऊन’ ह्या अमेरिकी चित्रपटाची आठवण इथे होते, परंतु आपट्याची चीड अस्सल इथलीच आहे.

आमचा आक्षेप वेगळा आहे. आपट्याच्या बॅटीच्या टप्प्यात येतात ते बहुतेक हाताशी सापडणारे लहान अपराधी. पाणी कमी का येते आणि पदपथ कोणाच्या संमतीने अडतात, ह्याचा निर्णय जिथे होतो, तिथवर बॅट पोहोचत नाही. त्याहून मोठी उणीव अशी की, ह्या चित्रपटात आपट्याला शेजारी असून नसल्यासारखे आहेत. त्याच फलाटावर तेच हाल सोसणारी हजारो माणसे उभी असतात, परंतु दिग्दर्शकाच्या लेखी ती केवळ गर्दी आहे. एकटा सज्जन आणि बाकीचे सारे निगरगट्ट, अशी मांडणी केली की त्या सज्जनाला मरणाखेरीज वाट उरत नाही. चित्रपट आपट्याच्या मृत्यूशी थांबतो तो म्हणूनच.

पु. ल. देशपांडे ह्यांच्या ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) मध्ये नेमके उलटे घडते. तिथे शेजारीच शेजारी आहेत. ‘गच्चीसह झालीच पाहिजे’ ह्या प्रकरणात तर चाळकरी गच्चीसाठी चळवळ उभारतात. संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणेची ती खेळकर नक्कल वाचताना आजही हसू आवरत नाही. परंतु त्या हसण्याने एक गोष्ट आपल्या मनावर नकळत बिंबविली : दहा माणसे एकत्र येऊन काही मागू लागली की त्याचा तमाशाच व्हायचा. पुलंनी हे ममतेने लिहिले. पुढे आपण मात्र ममता विसरलो आणि टवाळी तेवढी लक्षात ठेवली.

उपनगरांचा खरा इतिहास ह्या दोन्हींहून निराळा आहे. १९५७ साली महापालिकेची हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत वाढली. हद्द वाढली म्हणून पाणी आपोआप पोहोचले नाही. गोरेगावच्या मृणाल गोरे १९६१ मध्ये महापालिकेवर निवडून गेल्या आणि स्त्रियांना संघटित करून त्यांनी पाण्याचा प्रश्न लावून धरला. ‘पाणीवाली बाई’ हे नाव त्यांना लोकांनी दिले. १९७२ च्या सुमारास महागाईविरुद्ध लाटणी हाती घेऊन ज्या स्त्रिया रस्त्यावर आल्या, त्यांच्या अग्रभागी अहिल्या रांगणेकरांबरोबर त्याही होत्या. लाटणे, थाळी, हंडा ही घरातलीच साधने. आपट्याची बॅटही घरातलीच. फरक एवढाच की, लाटण्यांनी कोणाचे डोके फोडले नाही आणि ती एकट्याच्या हाती नव्हती.

अशा कामाचे चित्रण करणे कलावंताला अवघड जाते, हे आम्ही मान्य करतो. अर्ज, सभा, निवडणूक, पुन्हा अर्ज ह्यांत नाट्य कमी. बॅट एका क्षणात काच फोडते. नळ यायला वर्षे लागतात. पण नाट्य मुळीच नाही, असेही नव्हे. अंधेरीच्या गोखले पुलाची कथा पाहा. ३ जुलै २०१८ रोजी त्याचा पादचारी भाग रुळांवर कोसळला. नोव्हेंबर २०२२ मध्ये पूल वाहतुकीस बंद झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या पुलाची एक बाजू खुली झाली, तेव्हा शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशी तिची उंचीच जुळेना! मग तो पूल उचलून दोन्हींची जोडणी करावी लागली आणि जुलै २०२४ मध्ये ती वाट सुरू झाली. पुलंच्या चाळीला शोभेल असाच हा प्रसंग. आपट्याला चीड यावी असाही. पण कोणाच्या डोक्यात बॅट घातली असती म्हणजे ती उंची जुळली असती? जाब विचारायला इथे अनेकांनी, दीर्घकाळ, नावानिशी उभे राहावे लागते.

‘डोंबिवली फास्ट’ आवर्जून पाहावा, घरातल्या तरुण मुलांबरोबर पाहावा. मात्र बॅट उचलली जाते त्या क्षणी आपले हात टाळीसाठी का शिवशिवतात, ह्याचीही त्यांच्याशी चर्चा व्हावी. त्या टाळीत रोजच्या अपमानाची भरपाई असते, पण दुसऱ्या दिवशीचे पाणी नसते. आपट्याच्या इमारतीतल्या इतर बिऱ्हाडांनाही पाणी कमीच येत असणार. त्यांचे दार त्याने एकदा ठोठावले असते तर काय झाले असते, ह्याची कथा आमच्या लेखकांनी आणि दिग्दर्शकांनी आता सांगावी.